‘फँड्री’तला दगड आपल्याही घरात येतो

मागं एकदा केजला बैठकीनंतर चहा पिताना एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, “तुम्ही पोरं लई सिनेमे बघायलात. बाबासाहेबांनी वाचा म्हणून सांगितलं होतं, पिक्चर बघा म्हणून नाही.” बैठक अ‍ॅट्रॉसिटीच्या एका प्रकरणावर होती, सगळे दमलेले होते, म्हणून मी तेव्हा वाद घातला नाही. तो आता घालतो. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा सिनेमा काढला, तेव्हा त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब गेले होते. आपल्या गुरूचं चरित्र पडद्यावर येतंय याची किंमत त्यांना कळत होती. त्यामुळं सिनेमा बघणं म्हणजे चळवळीचा वेळ वाया घालवणं, हे मला मान्य नाही. कसा बघायचा आणि बघून झाल्यावर काय बोलायचं, भांडण तिथं आहे.

मी समीक्षक नाही. युसूफ वडगावात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत टीव्ही, मागच्या खोलीत स्वयंपाक. या टीव्हीवर माय, वडील, चुलते तात्या, बहीण, चुलतभाऊ आणि मी यांनी मिळून जे सिनेमे बघितले, त्याबद्दल हे लिहितोय. शहरातल्या पेपरात परीक्षण लिहिणारे दिग्दर्शनाबद्दल, छायाचित्रणाबद्दल लिहितात. ते त्यांचं काम. आमच्या घरात जे बोललं गेलं, ते कुणी लिहीत नाही.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरात बसून सिनेमा बघणं ही आपल्या लोकांसाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. टॉकीजात तिकीट काढलं की खुर्ची आपली. अंधारात शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. टीव्ही मात्र कुणाच्या तरी घरात असतो, आणि घर म्हटलं की जात आली. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा गावात टीव्ही होते हाताच्या बोटावर मोजण्याइतके. माय तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिनं सांगितलेलं असं, की रविवारी सकाळी आपल्या वस्तीतली पोरं आणि काही बाप्ये एका वाड्यावर जायचे. टीव्ही ओसरीत लावलेला असायचा. ओसरीत त्यांची भावकी, पायऱ्यांवर बाकीचं गाव, आणि आपली माणसं अंगणात, भिंतीच्या कडेला. एकदा मध्येच पाऊस आला. ओसरीत जागा होती. कुणी कुणाला हुसकावलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त ‘वर या’ असं कुणी म्हणालं नाही. आपली माणसं भिजत उभी राहिली, कारण गोष्ट रंगात आली होती. माय हे हसत हसत सांगते. मला अजून हसू येत नाही.

पुढं काही वर्षांनी वस्तीत पहिला टीव्ही आला तो आमच्याच घरात, ब्लॅक अँड व्हाइट. मायबापाचा कोयता तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात जायचा. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वडिलांनी टीव्ही आणला. म्हणजे घरात टीव्ही आणि कर्ज एकाच बैलगाडीतून आले. दसरा झाला की टीव्हीवर पोतं टाकून, दाराला कुलूप लावून टोळी निघायची. पण उरलेल्या महिन्यांत त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि कुणालाही अंगणात बसवलेलं नव्हतं, असं माझे वडील अभिमानानं सांगतात. या वाक्याकडं मी पुढं परत येणार आहे.

मग जयंतीला वर्गणी काढून व्हिडिओ आणायचे दिवस आले. भाड्यानं कलर टीव्ही, व्हीसीआर आणि एका रात्रीत तीन कॅसेटा. एक बाबासाहेबांवरची, बहुतेक ‘भीम गर्जना’, आणि उरलेल्या दोन मिथुनच्या. पहिली कॅसेट बायकांसाठी, शेवटची जागणाऱ्यांसाठी. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आम्ही असाच बघितला. मामुटीला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे मला फार नंतर कळलं. माझ्या आजीला तो केरळचा आहे, मुसलमान आहे, हेही माहीत नव्हतं. तिनं पडद्याला हात जोडले होते.

आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. चुलतभाऊ अजून ऊसतोडीला जातो. फडावर कोपीत, अंगावर पांघरूण घेऊन, कानात वायरी घालून तो सिनेमे बघतो. ‘जय भीम’ त्यानं आमच्या सगळ्यांच्या आधी बघितला, नोव्हेंबर २०२१ मध्ये, कारखान्यावर. एकट्यानं बघितला, एकट्यानं रडला आणि पहाटे चारला उठून मोळ्या बांधायला गेला. त्याबद्दल तो कुणाशी बोलला का, असं विचारलं तर म्हणाला, “कुणाशी बोलू? बाजूच्या कोपीत दुसराच पिक्चर चालू होता.” मोबाइलनं आपल्याला अंगणातून उठवलं हे खरं. पण एकेकट्याला उठवलं.

आमच्या घरात अजून एकत्र बघायची रीत आहे. त्यात एक खोट आहे, तीही सांगतो. माय सिनेमा बघत नाही, ऐकते. आम्ही पुढच्या खोलीत पाय पसरून, ती मागं भाकरी थापत. ‘ऐक की गं, बघ की गं’ आम्ही म्हणतो, पण तवा कुणी धरत नाही. स्त्रीमुक्तीवर भाषणं ठोकणाऱ्या माझ्यासकट कुणीही नाही. त्यामुळं मायचं मत असतं ते आवाजावरून झालेलं. कोण किती बोलतंय, कोण गप्प आहे, कुणाचा आवाज चढतोय, हे तिला आमच्यापेक्षा लवकर कळतं. ‘जय भीम’ चालू असताना ती आतून म्हणाली, “वकीलच लई बोलायलाय रं. ज्याचा माणूस गेला ती बाई कधी बोलणार?”

मी तेव्हा चिडलो होतो. आपल्या घोषणेचं नाव असलेला सिनेमा, सूर्यासारखा मोठा नट, पोलिसांच्या कोठडीतल्या छळावर एवढं उघड कुणी दाखवलं होतं? पण मायचं वाक्य डोक्यातून जाईना. सिनेमाचं नाव ‘जय भीम’, आणि लढाई मुख्यतः एका भल्या वकिलाची. हे वकील खरे आहेत. पुढं मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले के. चंद्रू. त्यांचं काम मोठंच आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. प्रश्न सिनेमाचा आहे. मग तो प्रसंग आला. साहेबांचा हुकूम होतो, म्हणून पोलीस सेंगेनीला गाडीतून घरी सोडायला निघतात आणि ती गाडीत बसत नाही. गरोदर बाई, हाताला लेकरू, पुढं पायी चाललीय आणि मागून पोलिसांची गाडी विनवण्या करत येतेय. तिथं कुणीच फारसं बोलत नाही. आवाज थांबला म्हणून माय पिठाच्या हातानं बाहेर आली आणि दारात उभी राहून तो सगळा प्रसंग तिनं बघितला. “हां,” म्हणाली, “ह्यो हाय जय भीम.” आणि परत आत गेली.

यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठं वाचलं नाही.

आता आपल्या तरुणांच्या एका सवयीबद्दल. सिनेमात बाबासाहेबांचा फोटो दिसला की आपण शिट्टी मारतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढाच तुकडा फिरतो. मीही फिरवलाय. ‘झुंड’मध्ये जयंतीचा प्रसंग आहे, अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं हात जोडतो. आमच्या घरात त्या वेळी तात्या उठून उभे राहिले होते. पन्नास वर्षं ज्या माणसाचे सिनेमे बघितले, तो आज आपल्या बापापुढं उभा आहे, ही भावना मी समजू शकतो. नागराज मंजुळेंनी ते मुद्दाम केलंय आणि योग्य केलंय. पण फोटो दिसला म्हणजे सिनेमा आपला झाला, असं गणित मांडायला लागलो तर उद्या कुणीही भिंतीवर एक फोटो टांगून आपली तिकिटं घेईल. ‘आर्टिकल १५’ घ्या. संविधानाचं कलम सिनेमाच्या नावातच आहे. आपल्या पोरी झाडाला लटकलेल्या, आणि त्यांना न्याय द्यायला ब्राह्मण अधिकारी. आपल्यातला जो लढणारा तरुण दाखवलाय, तो मध्येच मारला जातो. चुलतभावाला हा सिनेमा फार आवडतो, त्याच्याशी माझं यावरून भांडण झालंय. तो म्हणतो, “निदान त्यांच्या पोरांना तरी कळलं की जात हाय.” हेही खोटं नाही. ‘धडक’बद्दल मात्र आमच्यात एकमत आहे. ‘सैराट’मधून जात काढली की काय उरतं ते त्यात बघायला मिळतं. गाणी उरतात, आणि तीही आधी मराठीतच चांगली होती.

‘कोर्ट’ लावला तेव्हा अर्ध्या तासात घरातले सगळे झोपले. खोटं कशाला सांगू. चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमाला व्हेनिसला पारितोषिक मिळालं, त्यातला लोकशाहीर आपले वीरा साथीदार यांनी केलाय, संगीत संभाजी भगतांचं, हे सगळं मी आधी सांगून ठेवलं होतं, तरी झोपले. दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं पुन्हा लावला. त्यात गटारात मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष द्यायला येते आणि साध्या आवाजात सांगते, की नवरा आत उतरायच्या आधी खाली खडा टाकायचा. झुरळ वर आलं तर समजायचं, आत जीव जगतोय, उतरायला हरकत नाही. माय तेव्हा धान्य पाखडत होती. हात थांबला. म्हणाली, “हे परत लाव.” तीन वेळा लावलं. फडात उसाच्या पाचटात हात घालायच्या आधी ती कोयत्यानं दोनदा आपटायची, साप असला तर निघावा म्हणून. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, समिती आली, अहवाल झाला. त्यांच्यावर ‘कोर्ट’इतक्या थंड डोक्यानं काढलेला सिनेमा मात्र मी अजून बघितलेला नाही.

‘सैराट’ टीव्हीवर लागला त्या दिवसाबद्दल थोडक्यातच लिहितो. गाणी चालू होती तोवर घर नाचत होतं. शेवट झाला, लेकराची रक्ताळलेली पावलं दिसली, आणि वडिलांनी उठून टीव्ही बंद केला. बहीण तेव्हा कॉलेजला अंबाजोगाईला जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील तिला फक्त एवढंच म्हणाले, “सरळ घरी येत जा.” सिनेमा कापणाऱ्यांवर होता आणि पहारा बसला आमच्या पोरीवर. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. ‘सैराट’वर मी दोन लेख लिहिले, सभेत बोललो, पण त्या सकाळी गप्प बसलो.

आणि आता ‘फँड्री’. हा सगळा लेख मी त्याच्यासाठी लिहितोय.

‘फँड्री’ प्रदर्शित झाला १४ फेब्रुवारी २०१४ ला. अडीच महिन्यांनी, २८ एप्रिलला, आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात खर्डा इथं आपल्या एका सतरा वर्षांच्या पोराला गावातल्या मुलीशी बोलतो म्हणून मारून झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फिरले होते. त्यामुळं आम्ही पहिल्यांदा ‘फँड्री’ बघितला तो खर्ड्याच्या डोळ्यांनी. जब्या म्हणजे आपला पोरगा, शालू म्हणजे ती मुलगी, गाव म्हणजे ते गाव. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यावर येतो, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दगड त्यांच्याकडं गेला, आपल्याकडून गेला, असं आम्हाला वाटलं.

परवा तो परत लावला. माय या वेळी पुढच्या खोलीत होती, हाताला भाजल्यामुळं बहिणीनं तिला चुलीपासून उठवलं होतं. डुकरं धरायचा शेवटचा भाग चालू होता. कचरू, त्याची बायको, पोरी, जब्या, सगळं घर डुकराच्या मागं पळतंय आणि कुंपणाआड गाव हसतंय. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर पळून जातं. तात्या हसले. तो प्रसंग आहेच तसा, मीही हसलो. माय म्हणाली, “आपून कुठं उभे हाव ह्याच्यात?”

कुणाला कळेना. तात्या म्हणाले, “कुठं म्हणजे? आपून जब्या.”

“जब्या कैकाडी हाय,” माय म्हणाली. “आपल्या गावात कैकाड्याची पालं कुठं पडत्यात? आपल्या वस्तीच्या खाली. त्यांची डुकरं आली की दगड कोण मारतं? तुम्हीच मारता. जयंतीच्या जेवणाला त्यांची लेकरं आली तर वाढलं, नाही म्हणत नाही. पण पत्रावळी हातात देऊन पलीकडं बसवलं. मी वाढलंय, मला माहीत हाय.”

वडिलांना मी विचारलं, आपल्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा त्यांची लेकरं यायची का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खिडकीतून बघायची.” मगाशी लिहिलेलं वाक्य आठवा. कुणालाही अंगणात बसवलेलं नव्हतं.

‘फँड्री’ हा शब्दच कैकाडी भाषेतला आहे, डुक्कर या अर्थाचा. ही भाषा तमिळच्या कुळातली. ‘जय भीम’ ज्या खऱ्या प्रकरणावर आहे, ते १९९३ सालचं. सिनेमात ते कुटुंब इरुळर आदिवासी दाखवलंय, प्रत्यक्षात कोठडीत मारला गेलेला माणूस कुरवर समाजाचा होता. त्यावरून सिनेमावर टीकाही झाली. टोपल्या विणणारे, भटके, इंग्रजांनी ज्यांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला असे हे समाज. म्हणजे आपण तिकडच्या सेंगेनीसाठी रडलो, आणि तिच्यासारखीच टोपल्यांचं ओझं घेऊन दारावर येणारी बाई आपल्या डोळ्यांना दिसली नाही. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं. आपल्या कपाटात ते आहे. पालावर आपण किती वेळा गेलो?

मला माहीत आहे, यावर काही मित्र रागावतील. ‘विरोधकांच्या हातात कोलीत कशाला देतो? उद्या तेच म्हणतील, बघा, तुम्हीही जात पाळता.’ म्हणू देत. आमच्या अंगणात भिंत कुणी घातली आणि उतरंड कुणी रचली, याचा हिशेब त्यांच्याकडंच आहे, तो माफ होत नाही. वाड्याची ओसरी आणि आमची खिडकी सारखी नाही. ओसरीमागं जमीन होती, पाटीलकी होती, ठाणं होतं. आमच्या खिडकीमागं उचलीचं कर्ज होतं. पण बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती याच पद्धतीनं चालते. प्रत्येकाला पायाखाली एक पायरी मिळते, आणि त्या पायरीच्या नादात वरच्याला जाब विचारायचं राहून जातं. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेब हिंदू संस्कृतीला जाब विचारताना फक्त अस्पृश्यांबद्दल बोलत नाहीत. गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य, अशा तिघांची नावं ते एका दमात घेतात. आपण त्यातलं एकच नाव पाठ केलं.

कायद्यानंही या माणसांचे तुकडे केलेत. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे आणि आमच्या मराठवाड्यात विमुक्त जातीत. याचा अर्थ, जब्याच्या घरावर जे गुदरलं ते नागपूरकडं घडलं तर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तेच बीडला घडलं तर नाही. माणूस तोच, टोपली तीच, डुक्कर तेच. ही क्षेत्रबंधनाची गोष्ट किती आंबेडकरी कार्यकर्त्यांना माहीत आहे? केजच्या त्या बैठकीत मी विचारलं असतं तर, खात्रीनं सांगतो, दोघांनी हात वर केले असते. मलाही ‘फँड्री’ दुसऱ्यांदा बघितल्यावर शोधावं लागलं.

सिनेमात आणखी एक गोष्ट आहे. मेलेलं डुक्कर बांबूला बांधून जब्याचं घर शाळेच्या भिंतीपुढून जातं. भिंतीवर फुले आहेत, सावित्रीमाई आहेत, बाबासाहेब आहेत, गाडगेबाबा आहेत. इथं कुणी हात जोडत नाही. कुणाला त्या भिंतीकडं बघायला सवड नाही, खांद्यावर ओझं आहे. पहिल्यांदा बघताना आम्ही इथं शिट्टी मारली होती, फोटो दिसला म्हणून. आता वाटतं, ती भिंत आमच्यासाठी होती. फोटो रंगवून आपलं काम संपलं असं समजणाऱ्या सगळ्यांसाठी होती, आणि त्यात आमची वस्तीही आली. शेवटचा दगड आला तेव्हा या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. तात्या थोडे मागं सरकले. टीव्हीतून दगड येत नसतो हे त्यांनाही माहीत आहे.

त्यानंतर साधारण आठवड्यानं सुपं-टोपल्या विकणारी एक बाई दारात आली. माय टीव्हीवर मालिका बघत होती. तिनं टोपली घेतली, भाव केला (माय भाव करायचं सोडत नाही), आणि म्हणाली, “आत ये, बस, चहा टाकते.” बाई उंबऱ्याच्या बाहेरच बसली. मायनं दोनदा म्हटलं, तरी नाही. “बरं हाय इथंच,” म्हणाली. तिथून टीव्ही अर्धाच दिसत होता. माय मग स्वतःच तिच्याजवळ बाहेर जाऊन बसली, आणि दोघींनी चहा पीत अर्ध्या टीव्हीवर ती मालिका बघितली. मी आतून बघत होतो. एका आमंत्रणानं उंबरा ओलांडला जात नाही, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. अंगणात भिजणाऱ्या आपल्या माणसांना समजा कुणी ‘वर या’ म्हटलं असतं, तर त्या दिवशी किती जण वर गेले असते?

आता चालू वाद सांगून थांबतो. येत्या जयंतीला विहाराच्या भिंतीवर पडदा लावून सिनेमा दाखवायचा असं ठरलंय. डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे काढायला पोरं तयार झालीत, हेच मोठं. पोरांना ‘झुंड’ हवाय, तात्यांना मामुटीचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, चुलतभाऊ म्हणतो ‘जय भीम’. मी ‘फँड्री’ म्हणालो तर एक पोरगा म्हणाला, “जयंतीच्या दिवशी डुक्कर कशाला?” त्यावर अजून भांडण चालू आहे. मायचं म्हणणं वेगळंच आहे. सिनेमा कोणताही लावा, पण पालावर निरोप घेऊन मी जाणार नाही, कमिटीच्या अध्यक्षानं जायचं, आणि सतरंजी एकच अंथरायची. शिवाय त्या दिवशी स्वयंपाक बाप्यांनी करायचा, तिला सिनेमा पहिल्यापासून बघायचाय.

अध्यक्षांनी अजून उत्तर दिलेलं नाही. केज, धारूर, अंबाजोगाईकडं कुणाकडं प्रोजेक्टर असेल तर कळवा, भाडं देऊ.

जय भीम.